वर्गशिक्षक नसलेला वर्ग

परवा महाडहून पाचाडला येताना एसटीत एक जुना विद्यार्थी भेटला. आता त्याचेही केस पांढरे व्हायला लागलेत. उठून मला जागा दिली आणि विचारलं, "बाई, तब्येत काय म्हणते?" मी म्हटलं, "कुठली रे? साखरेची, रक्तदाबाची, थायरॉईडची, गुडघ्यांची की किडनीची?" तो हसला, मीही हसले. पण कोंझर मागे पडलं तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. तब्येत ही एकच वस्तू असते, असं मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. "शरीर हे एक यंत्र आहे" वगैरे. आणि आता मलाच माझी तब्येत पाच तुकड्यांत मोजावी लागते.

आमच्या लहानपणी या भागात आजाराची भीती वेगळी होती. भीती विंचवाची, सापाची. लाल विंचू चावला की माणूस एक तर वाचायचा किंवा जायचा. आमच्या तालुक्यातल्याच बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि नंतर महाडला काम केलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून, बारीकसारीक नोंदी करून, प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू कसे रोखता येतात ते दाखवलं. १९८०च्या दशकात 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात ते छापून आलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाडच्या माणसाला याचा अभिमान वाटणारच. पण मला आता त्यातली वेगळीच गोष्ट आठवत राहते. तिथे एक रुग्ण होता, एक दंश होता आणि रात्रभर त्याच्याकडे बघणारं एक माणूस होतं.

आताचे आजार चावून निघून जात नाहीत. घरात भाडेकरूसारखे राहतात. माझा मधुमेह २००३ सालचा. पाठोपाठ रक्तदाब आला. निवृत्तीनंतर थायरॉईड आणि गुडघे. किडनी सगळ्यात शेवटी, आणि ती कशी आली ते सांगण्यासाठीच खरं तर आज लिहायला बसले आहे.

गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा मी एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर चांगले होते, दहा मिनिटं तपासलं. दुखण्यावर गोळी दिली, म्हणाले, जेवणानंतर घ्या. पंधरा दिवसांची होती. गुण आला. जिजाऊंच्या समाधीपर्यंत सकाळी चालत जायला लागले पुन्हा! म्हणून पंधरा दिवस संपल्यावर मी ती चिठ्ठी दाखवून औषध आणतच राहिले. चार-पाच महिने तरी. मेडिकलवाल्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग रक्तदाब वाढला. त्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. त्यांना गुडघ्याच्या गोळीबद्दल मी बोललेच नव्हते. गुडघ्याचा आणि रक्तदाबाचा काय संबंध, असं मला वाटलं. संबंध होता. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, शिवाय रक्तदाबाच्या कितीतरी औषधांचा जोर कमी होतो, आणि मधुमेहाने आधीच थकलेल्या किडनीवर ताण येतो. किडनी मंदावली की साखरेच्या काही गोळ्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. माझी ग्लिमेपिराइड त्यातलीच. डोस तोच, पण परिणाम रेंगाळणारा.

डिसेंबरची पहाट होती. मी न्हाणीघराच्या दारात पडले. घाम फुटलेला, बोलणं अडखळत होतं. ह्यांना वाटलं अर्धांगाचा झटका. शेजारच्या सूनबाईने तिच्या सासऱ्यांचं साखर मोजायचं यंत्र आणलं. आकडा ४८. गुळाचं पाणी पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मी माणसात आले. नंतर रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.९, जे वर्षापूर्वी १.१ होतं.

दोष कोणाचा? मी बराच विचार केला. हाडांच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांचंच औषध दिलं होतं. रक्तदाबाच्या डॉक्टरांनी वाढलेल्या रक्तदाबावर जे करायचं तेच केलं. साखरेच्या डॉक्टरांना माझी साखर "एकदम छान" आल्याचा आनंदच झाला होता. प्रत्येकाचा पेपर बरोबर, आणि विद्यार्थिनी नापास! (माझी चूक मी नाकारत नाही. चिठ्ठी संपल्यावर औषध घेत राहणं हा अडाणीपणा होता आणि मी बीए झालेली बाई आहे.)

शाळेत आठवीच्या एका वर्गाला सहा-सात विषयशिक्षक असायचे. गणिताच्या सरांना मूल गणितात कच्चं दिसायचं, इंग्रजीच्या बाईंना इंग्रजीत. पण त्याचे वडील दारू पितात, ते सकाळी उपाशी येतं, त्याला फळा दिसत नाही म्हणून ते सगळ्याच विषयांत मागे आहे, हे कळायचं वर्गशिक्षकाला. कारण सगळे गुण एका प्रगतीपुस्तकावर तोच उतरवायचा. माझ्या आजारपणात विषयशिक्षक पाच आहेत. वर्गशिक्षक नाही. पूर्वी ते काम घरचा डॉक्टर करायचा. आजीच्या दम्यापासून नातवाच्या जंतापर्यंत सगळं त्याला तोंडपाठ असायचं. तो गेला आणि त्याच्या जागी आल्या फायली. माझ्याकडे पाच फायली आहेत, आणि एकीतलं दुसरीला माहीत नाही.

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. मुलाने मला एका अभ्यासाविषयी सांगितलं. अमेरिकेत २००५ साली डॉ. सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक आजी घेतली. तिला मधुमेह, रक्तदाब, संधिवात, ठिसूळ हाडं आणि फुप्फुसांचा जुना आजार. प्रत्येक आजाराच्या उत्तमातल्या उत्तम नियमाप्रमाणे तिचे उपचार कागदावर मांडले, तर निघाली बारा औषधं, दिवसातून पाच वेळा मिळून एकोणीस डोस, आणि त्यातल्या काही सूचना एकमेकींच्या आड येणाऱ्या. ती आजी काल्पनिक असेल, पण मी तिला ओळखते! थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नंतर अर्धा तास चहा नाही. कॅल्शियम त्यापासून चार तास लांब. साखरेवाले म्हणतात कडधान्यं भरपूर खा, किडनीवाले म्हणतात बेताने. साखरेला गोड बंद, रक्तदाबाला खारं बंद, म्हणजे सुकी मासळी गेली, लोणचं गेलं, पापड गेला. कुळथाचं पिठलं किती खायचं यावर दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत आणि मध्ये मी चमचा धरून बसले आहे.

इंग्लंडमध्ये २०१६ साली अशा एकाहून जास्त आजारांच्या माणसांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यात एक साधी गोष्ट आहे: रुग्णाला विचारा की तुला काय महत्त्वाचं वाटतं, आणि मग उपचारांचा एकूण बोजा कमी करता येतो का ते बघा. बोजा हा शब्द मला फार पटला. आजाराचा त्रास वेगळा आणि उपचारांचा वेगळा. पाचाडहून महाड पंचवीसेक किलोमीटर. एका डॉक्टरची वेळ सोमवारी, दुसऱ्याची गुरुवारी. रक्त द्यायला उपाशी जायचं आणि गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. मोठ्या तपासणीला पुणे. पावसाळ्यात वरंध घाट बंद असला की ताम्हिणीवरून वळसा. महिन्याचे पाच-सहा दिवस मी नुसती रुग्ण म्हणून नोकरी करते म्हणा ना.

जिजाऊंना उतारवयात गडावरची थंड हवा मानवेना, म्हणून महाराजांनी इथे पायथ्याशी वाडा बांधला असं आमच्याकडे सांगतात. आईला गडावर चढवत बसले नाहीत. आमची आरोग्यव्यवस्था मात्र म्हातारीला अजून पायऱ्या चढवते आहे.

सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. माझ्याकडेही ते कार्ड आहे. पण ते चालतं दवाखान्यात दाखल झाल्यावर. मी पडू नये म्हणून कोणी अर्धा तास बसून माझ्या सगळ्या गोळ्या एकत्र बघाव्यात, यासाठी ते कार्ड नाही. पडून मांडीचं हाड मोडलं असतं तर मात्र चाललं असतं!

आमच्या आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. गुणी मुलगी आहे. तिच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना हे वर्गशिक्षकाचं काम का देऊ नये? त्यांनी औषधं बदलू नयेत. फक्त साठीपुढच्या प्रत्येकाचं एक प्रगतीपुस्तक ठेवावं, दर तीन महिन्यांनी गोळ्यांचा डबा पालथा करून बघावा आणि शंका आली की डॉक्टरांना फोन करावा. लोक म्हणतील, त्यांच्यावर आधीच कामाचा ढीग आहे. आहेच. मग त्यांच्याकडून भरून घेतले जाणारे चार कागद कमी करा.

तोपर्यंत मी माझ्यापुरता उपाय केला आहे. याचं निमित्त जुलै २०२१चा पूर. सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, औषधांची दुकानं बुडाली. तिकडे तळियेवर दरड कोसळली होती, तेव्हा गोळ्यांचं दुःख सांगायलाही लाज वाटायची. पण आठवडाभराने आमच्या गोळ्या संपल्या आणि मुलाने पुण्याहून फोनवर विचारलं, "नावं सांग, पाठवतो." मला पाचातली दोन नावं सांगता आली. तेव्हा करायला हवं होतं ते मी पडल्यावर केलं. आखीव कागदावर तक्ता काढला: औषध, कशासाठी, कोणी दिलं, कधीपासून, कधी थांबवायचं. शेवटचा रकाना जवळजवळ सगळीकडे रिकामा राहिला. ह्यांचाही वेगळा तक्ता केला.

हा कागद घेऊन गेले तेव्हा महाडच्या एका तरुण डॉक्टरने तो पूर्ण वाचला. ग्लिमेपिराइड बंद केली, रक्तदाबाची वाढवलेली गोळी कमी केली. म्हणाला, "आजी, तुमच्या वयात आणि एवढ्या आजारांत तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या आत राहिली तरी चालेल. साडेसहासाठी जीव धोक्यात घालू नका." वीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. क्रिएटिनिन आता १.५वर थांबलं आहे.

पण गुडघे आहेतच. वेदनाशामक बंद, साध्या पॅरासिटामॉलने निम्मं दुखणं राहतं. समाधीपर्यंतचं चालणं पुन्हा सुटलं. आता सांधा बदलायचं चाललं आहे. हाडांचे डॉक्टर म्हणतात, किडनीवाल्यांचं पत्र आणा. किडनीवाले म्हणतात, आधी हृदय तपासा. हृदयवाले म्हणतात, आमची हरकत नाही, बाकी ते ठरवतील. मुलगा म्हणतो करून टाक, हे म्हणतात नको. करता येईल का, हे सगळे बघताहेत. करावं का, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. येत्या गुरुवारी तक्ता घेऊन त्या तरुण डॉक्टरकडे जाणार आहे. कागदाच्या खाली या वेळी एक ओळ लिहिली आहे: "मला रोज सकाळी समाधीपर्यंत चालत जायचं आहे. त्यासाठी काय काय सोडावं लागेल, ते सांगा."