विश्लेषण : हप्ता कमी, पण खिशातून किती? आरोग्य विम्यातील ‘डिडक्टिबल’चे गणित काय?

आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली आणि वाढलेल्या हप्त्याचा आकडा समोर आला, की अनेक कुटुंबांना दोनच मार्ग दिसतात : विमाछत्र कमी करायचे किंवा पॉलिसी बंद करायची. अशा वेळी एजंट किंवा कंपनीचे ॲप तिसरा मार्ग सुचवते. ‘एक लाखाचे डिडक्टिबल घ्या, हप्ता बराच उतरेल.’ हप्ता खरोखरच उतरतो. पण त्या बदल्यात कोणती जबाबदारी आपल्या अंगावर आली, हे अनेकांना रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी, बिलाच्या खिडकीपाशी कळते. हा पर्याय कोणासाठी सोयीचा आणि कोणासाठी धोक्याचा, याचा हा आढावा.

डिडक्टिबल म्हणजे काय?

दाव्याच्या रकमेतील पहिला ठरावीक हिस्सा विमाधारकाने सोसायचा आणि त्यापुढचा खर्च विमा कंपनीने द्यायचा, या अटीला डिडक्टिबल म्हणतात. मोटार विम्यात ही अट आधीपासूनच आहे. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीच्या नुकसानीच्या दाव्यात पहिले १,००० रुपये मालकाला भरावे लागतात. आरोग्य विम्यात हीच रक्कम हजारांत नव्हे, तर लाखांत असते.

समजा, पॉलिसी १० लाखांची आणि डिडक्टिबल एक लाखाचे आहे. मान्य बिल ४ लाख झाले तर रुग्णाने एक लाख आणि कंपनीने ३ लाख द्यायचे. बिल ८० हजारच झाले तर कंपनी काहीच देणार नाही. विमा नियामकाच्या व्याख्येनुसार डिडक्टिबलमुळे विमाछत्राची रक्कम कमी होत नाही. म्हणजे मान्य बिल ११ लाख झाले तर पहिले एक लाख वगळून पूर्ण १० लाख मिळू शकतात. रुग्णालयात राहिल्याबद्दल रोज ठरावीक रोख रक्कम देणाऱ्या पॉलिसींत मात्र डिडक्टिबल रुपयांत नसते, ते तासांत किंवा दिवसांत मोजले जाते. पहिल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत, ते याच अटीमुळे.

प्राप्तिकराच्या कलम ‘८० डी’खाली मिळणाऱ्या वजावटीशी याचा संबंध नाही. ती करातील सवलत आहे, ही दाव्यातील कपात.

हा पर्याय आता का पुढे येतो आहे?

वयाचा टप्पा ओलांडला की हप्ता चढतो आणि उपचारांचा खर्च वाढला की कंपन्या सर्वांचेच दर वाढवतात. ही झळ ज्येष्ठांना सर्वाधिक बसते. त्यामुळेच जानेवारी २०२५ मध्ये भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने (इर्डा) ६० वर्षांवरील विमाधारकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक फ्लोटर पॉलिसींच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला. तरीही मूळ हप्ता वयानुसार वाढतच राहतो. तो आटोक्यात ठेवण्याचा कंपन्यांकडील सोपा उपाय म्हणजे लहान दावे विम्याबाहेर काढणे. लहान दावे संख्येने जास्त असतात आणि प्रत्येकाच्या कागदपत्रांवर कंपनीचा खर्च होतो. ते ग्राहकाने स्वतः भागवले तर कंपनी हप्ता कमी करू शकते.

को-पेमेंटपेक्षा वेगळे कसे?

दोन्हींत रुग्णाला वाटा उचलावा लागतो, पण पद्धत वेगळी. डिडक्टिबल ही ठरलेली रक्कम असते, तर को-पेमेंट म्हणजे मान्य दाव्याचा ठरावीक टक्का. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ५ टक्के को-पेमेंट आहे, ज्येष्ठांच्या काही पॉलिसींत ते बरेच जास्त असते.

एक लाखाचे डिडक्टिबल आणि २० टक्के को-पेमेंट यांची तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. बिल २ लाखांचे असेल तर डिडक्टिबलमध्ये एक लाख जातात, को-पेमेंटमध्ये ४० हजार. बिल १२ लाखांवर गेले तर डिडक्टिबलचे एक लाख कायम राहतात, को-पेमेंट मात्र २ लाख ४० हजारांवर पोहोचते. लहान आजारपणात डिडक्टिबल बोचते, मोठ्या आजारपणात को-पेमेंट. काही पॉलिसींत दोन्ही अटी एकत्र असतात. तिथे ६ लाखांच्या बिलातून आधी एक लाख वजा करून उरलेल्या ५ लाखांवर २० टक्के लावले, तर रुग्णाचा वाटा २ लाख होतो.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अपमध्ये फरक काय?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. दोन्ही पॉलिसी मोठ्या डिडक्टिबलवरच उभ्या असतात. टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक दाव्याला स्वतंत्रपणे लागते. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातील मान्य खर्चांची बेरीज केली जाते.

समजा, डिडक्टिबल ३ लाखांचे आहे. एकाच वर्षात डेंग्यूसाठी ८० हजार, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी एक लाख ७० हजार आणि अँजिओप्लास्टीसाठी २ लाख ९० हजार खर्च झाले. एकूण खर्च ५ लाख ४० हजार. टॉप-अप पॉलिसीतून यातला एक रुपयाही मिळणार नाही, कारण एकही बिल ३ लाखांच्या पुढे गेलेले नाही. सुपर टॉप-अपमध्ये मात्र बेरजेतून ३ लाख वजा होऊन २ लाख ४० हजार मिळतील. पॉलिसीच्या नावात ‘सुपर’ आहे की नाही, यावर विसंबून चालत नाही. डिडक्टिबल ‘प्रत्येक दाव्याला’ आहे की ‘वार्षिक एकत्रित’, हे शब्द कागदावर पाहावे लागतात. फ्लोटर पॉलिसीत ही बेरीज सहसा संपूर्ण कुटुंबाची मिळून होते, वैयक्तिक पॉलिसीत प्रत्येकाची वेगळी.

बेरजेत कोणता खर्च धरला जातो?

रुग्णालयाला दिलेला प्रत्येक रुपया त्यात मोजला जात नाही. पॉलिसीच्या अटींनुसार जो खर्च मान्य होतो, सहसा तेवढाच धरला जातो. हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क अशा बाबी पॉलिसीत समाविष्ट नसतील तर त्या वगळल्या जातात. खोलीभाड्याला मर्यादा असताना महागडी खोली घेतली, तर इतर शुल्कांतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. त्यामुळे एक लाखाचे डिडक्टिबल असले, तरी प्रत्यक्षात खिशातून सव्वा लाखही जाऊ शकतात.

दुसरा मुद्दा कागदांचा. ‘८० हजारांच्या बिलावर काहीच मिळणार नाही’ म्हणून अनेक जण कंपनीला कळवतच नाहीत आणि कागदपत्रेही सांभाळत नाहीत. वार्षिक एकत्रित डिडक्टिबलमध्ये ही चूक महागात पडते. पुढे मोठा खर्च झाल्यावर आधीचे ८० हजार मोजून घ्यायचे असतील, तर त्याची बिले, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे अहवाल लागतात. पैसे मिळणार नसले तरी रुग्णालयात दाखल झाल्याची माहिती कंपनीला मुदतीत देणे म्हणूनच हिताचे असते.

कंपनीच्या विम्यावर विसंबून सुपर टॉप-अप घेतला तर?

नोकरीच्या ठिकाणी मिळणारा ३ किंवा ५ लाखांचा समूह विमा आणि त्यावर तेवढ्याच डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, ही जोडी कमी खर्चात मोठे छत्र देते. डिडक्टिबलची रक्कम समूह विम्यातून भागते आणि त्यापुढचा खर्च दुसरी पॉलिसी उचलते. मात्र या जोडीत तीन फटी राहू शकतात.

पहिली फट नोकरीची. नोकरी गेली किंवा निवृत्ती आली की समूह विमा जातो, डिडक्टिबल मात्र तसेच राहते. उत्पन्न थांबलेले असते, त्याच काळात पहिल्या ३ लाखांची जबाबदारी कुटुंबावर येते. दुसरी फट अटींची. समूह विम्यात मोतीबिंदू किंवा प्रसूतीच्या खर्चाला स्वतंत्र मर्यादा असेल आणि सुपर टॉप-अपचे नियम वेगळे असतील, तर दोन्हींचे हिशेब जुळत नाहीत.

तिसरी फट तारखांची. समूह विमा एप्रिल ते मार्च आणि सुपर टॉप-अप नोव्हेंबर ते ऑक्टोबर असा असेल, तर दोघांचे वर्ष वेगवेगळे सुरू होते. समजा, ३ लाखांच्या समूह विम्यातील २ लाख सप्टेंबरमध्ये खर्च झाले आणि डिसेंबरमध्ये पुन्हा ३ लाखांचे बिल आले. समूह विम्यात फक्त एक लाख उरलेले आहेत आणि सुपर टॉप-अपचे ३ लाखांचे डिडक्टिबल नोव्हेंबरपासून नव्याने मोजले जात आहे. उरलेले २ लाख कुटुंबालाच भरावे लागतील. दोन्ही पॉलिसींच्या तारखा शक्य तितक्या जवळ आणणे हा त्यावरचा साधा उपाय.

हप्त्यातील बचत पुरेशी आहे का?

हे तपासण्यासाठी साधा भागाकार पुरतो. समजा, एक लाखाच्या डिडक्टिबलमुळे हप्ता वर्षाला ८ हजारांनी कमी झाला. एक लाखाला आठ हजारांनी भागले तर साडेबारा येतात. म्हणजे एकदा रुग्णालयात दाखल झाल्यावर जाणारी रक्कम भरून निघायला साडेबारा वर्षे लागतील. तिशीतल्या निरोगी व्यक्तीला हा व्यवहार परवडू शकतो. मधुमेह, हृदयविकार किंवा वारंवार उपचारांची गरज असलेल्या व्यक्तीला तो तोट्याचा ठरण्याची शक्यता अधिक. हीच बचत वर्षाला २० हजारांची असेल तर ५ वर्षांत हिशेब बरोबरीत येतो आणि चित्र बदलते. वाचलेला हप्ता खर्च न होता बाजूला पडणार आहे का, हा प्रश्नही महत्त्वाचा. तो घरखर्चात विरून गेला तर बचत केवळ कागदावर राहते.

इतर देशांत काय अनुभव आहे?

नेदरलँड्समध्ये प्रौढांना २०१६ पासून वर्षाला ३८५ युरोंचे डिडक्टिबल सक्तीचे आहे, मात्र फॅमिली डॉक्टरकडे जाण्याला ते लागू नाही. स्वित्झर्लंडमध्ये प्रौढ नागरिक ३०० ते २,५०० फ्रँकदरम्यान डिडक्टिबल निवडतात. जितके ते जास्त, तितका हप्ता कमी. अमेरिकेत १९७० च्या दशकात ‘रँड’ संस्थेने केलेल्या मोठ्या प्रयोगात असे दिसले, की खिशातून पैसे द्यावे लागले की लोक उपचार कमी घेतात, पण अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळतात. गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांवर त्याचा विपरीत परिणाम दिसला. भारतातील बहुतेक पॉलिसींत डिडक्टिबल रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चालाच लागते, पण ‘पहिले एक लाख आपलेच’ म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा मोह इथेही होऊ शकतो.

निर्णय घेण्यापूर्वी काय तपासावे?

डिडक्टिबलएवढी रक्कम दोन दिवसांत उभी करता येते का, ही पहिली कसोटी. ती बँकेत, मोडता येईल अशा ठेवीत किंवा दुसऱ्या पॉलिसीत हवी. कॅशलेस सुविधा असली, तरी हा वाटा रुग्णालयात रोखच भरावा लागतो. ती रक्कम कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून आणावी लागणार असेल, तर कमी डिडक्टिबल किंवा डिडक्टिबल नसलेली लहान पॉलिसी बरी.

काही पॉलिसींत ठरावीक वर्षांनी डिडक्टिबल काढून टाकण्याची सोय असते. ती कोणत्या वयापर्यंत आहे आणि त्या वेळी नव्याने वैद्यकीय तपासणी होणार का, हे आधीच विचारून लेखी घ्यावे. पॉलिसीसोबत येणाऱ्या ग्राहक माहिती पत्रकात डिडक्टिबल आणि को-पेमेंटचा उल्लेख असतो. नवी पॉलिसी पसंत पडली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

दाव्यात चुकीची कपात झाली असे वाटल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि ‘इर्डा’च्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर दाद मागता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.  ५० लाखांपर्यंतच्या प्रकरणांची सुनावणी तिथे होते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही.