भगतचा हीरो मुंबईला गेला

पुण्यातल्या कुठल्याही कॉफी शॉपमध्ये बसून ‘मला चेतन भगत आवडतो’ असं मोठ्यांदा म्हणून बघा. समोरचा आधी हसतो, मग तुमच्याकडे जरा काळजीने बघतो आणि दोन मिनिटांत मुराकामीचा विषय काढतो. हे ठरलेलं! भगत म्हणजे शाळेतल्या हेअरकटचा फोटो. असतो प्रत्येकाकडे, दाखवत कुणी नाही.

मी दाखवते. त्यामुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं ‘ट्वेल्व्ह इयर्स: माय मेस्ड-अप लव्ह स्टोरी’ आलं तेव्हा मी ते लगेच मागवलं, दिवाळीला घरी जाताना बॅगेत टाकलं आणि दोन रात्रींत संपवलं. आणि माझा मूड जो गेला, तो भाऊबीजेपर्यंत काही परत आला नाही.

आता हे दुःख समजायचं तर आधी पुसद समजायला हवं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. मी मराठी मीडियमची. दहावीपर्यंत इंग्रजी म्हणजे एक पाठ्यपुस्तक, एक गाइड आणि सरांनी मराठीतून समजावलेला इंग्रजी धडा. ‘थ्री इडियट्स’ टीव्हीवर इतक्यांदा बघून झाला होता की डायलॉग पाठ. तो ज्या पुस्तकावरून सुचला ते ‘फाइव्ह पॉइंट समवन’ मामेभावाने नागपूरहून आणलं. २००४ मध्ये हे पुस्तक आलं तेव्हा त्याची छापील किंमत होती ९५ रुपये. सीताबर्डीच्या फूटपाथवरची कॉपी त्याहून स्वस्त, आणि कागद असा की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसायची. पहिली वीसेक पानं मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. नंतर कधीतरी ती मांडीवरून खाली ठेवली गेली, ते लक्षातही आलं नाही. शेवटचं पान उलटलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला कुणाला तरी उठवून सांगायचं होतं की मी इंग्रजी कादंबरी वाचली. अख्खी.

त्याच्या पुस्तकांचे मराठी अनुवादही निघाले होते. आमच्या वर्गात ते कुणालाच नको होते! गोष्ट तर हवीच होती, पण ती इंग्रजीतून वाचलीय हे सांगायचं होतं. ‘त्याचं इंग्रजी फार सोपं आहे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की बाबांनो, सोपं होतं म्हणून तर आम्ही आत शिरलो. तुमच्या घरी मागच्या दारापर्यंत शब्दांचा गालिचा अंथरलेला होता, आम्ही खिडकीतून आलो.

आणखी एक गोष्ट. यवतमाळ म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला एकच विषय आठवतो. कापूस, कर्ज आणि दोरी. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, २००८ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत आमच्या जिल्ह्यातल्या कलावतींचं नाव घेतलं, चॅनेलच्या गाड्या येऊन गेल्या. सगळं खरं आणि गरजेचं. बाबांचं कृषी केंद्र आहे, बियाणं उधार नेणारा माणूस कसा बोलतो ते मला कुणी शिकवायला नको. पण त्याच घरात एक सतरा वर्षांचा मुलगा असतो आणि त्याला क्लासमधली एक मुलगी आवडत असते. त्याचं काय? सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) ग्रेटच आहे, साहित्य अकादमी पुरस्कार उगाच नाही मिळाला. तिच्यातला शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ आमच्या गल्लीत राहतो असंच वाटतं. पण खरं सांगू? आमच्या पोराला मराठी कादंबरीत कर्ज मिळायचं, भगतच्या कादंबरीत गर्लफ्रेंड.

सॉलिड फरक आहे हा. सतराव्या वर्षी तर फारच.

त्याची माझी सगळ्यात फेव्हरेट कादंबरी ‘रिव्होल्यूशन २०२०’. आली २०११ मध्ये. गाव वाराणसी, पण मला ते यवतमाळच वाटलं. गोपाल एन्ट्रन्समध्ये नापास होतो, कोट्याला जातो, तिथेही जमत नाही, आणि शेवटी एका आमदाराच्या मदतीने घराण्याच्या जमिनीवर प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेज काढतो. कुठल्या टेबलावर किती ठेवायचे हे तो पानापानावर शिकत जातो. आमच्याकडची मुलं कोट्याऐवजी नांदेडला जायची, एवढाच काय तो फरक. त्या वर्षांत विदर्भात इंजिनिअरिंग कॉलेजं पेरणी झाल्यासारखी उगवत होती, पुढे त्यातल्या जागा रिकाम्या पडायला लागल्या. पेपरमध्ये ही बातमी तुकड्यातुकड्यात यायची. भगतने तिची गोष्ट केली, आणि त्यात एक मुलगी घातली, म्हणून आम्ही वाचली. त्यातला राघव इंजिनिअरिंग सोडून पेपरात जातो आणि घोटाळे छापतो. मी मास कॉम केलं त्याला राघव थोडासा जबाबदार आहे. (मानधनाचे चेक उशिरा येतात हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.)

मग २०१४ मध्ये ‘हाफ गर्लफ्रेंड’. ते नाव आईला दिसू नये म्हणून मी पुस्तकाला युरियाच्या जाहिरातीचं कव्हर घातलं होतं. बिहारमधल्या डुमरावचा माधव झा दिल्लीच्या कॉलेजात पोचतो बास्केटबॉलच्या जोरावर, आणि इंटरव्ह्यूमध्ये त्याचं इंग्रजी पार कोसळतं. तो भाग मी तीनदा वाचला. पुढची गोष्ट फिल्मी आहे, थेट बिल गेट्स गावात येतात वगैरे, आणि नायिका कधीही न सांगता गायब होते. पण पुस्तक अर्पण करताना भगतला इंग्रजी न येणारे आठवले होते. ज्यांना नीट इंग्रजी येत नाही त्यांना एक इंग्रजी पुस्तक अर्पण! म्हणजे आम्हालाच की. दुसऱ्या कुठल्या इंग्रजी लेखकाला आम्ही असल्याचं माहीत तरी होतं?

तसा एक योग यवतमाळच्या नशिबी आला होता. जानेवारी २०१९ मध्ये ९२वं मराठी साहित्य संमेलन आमच्याकडे झालं. उद्घाटनाला इंग्रजीतल्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि ऐनवेळी येऊ नका म्हणून कळवलं. उद्घाटन आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, आणि त्या फार नेमकं बोलल्या. सहगल यांचं भाषण मोबाइलवर फिरत राहिलं. बाई मात्र आल्या नाहीत. असो.

भगतवर येते. घसरण कुठून सुरू झाली यावर त्याच्या फॅन्समध्ये वाद आहेत. माझ्या मते २०१६ च्या ‘वन इंडियन गर्ल’पासून. नायिकाच गोष्ट सांगते म्हटल्यावर मी तर नाचलेच होते. पण ती निघाली न्यूयॉर्क, हाँगकाँग करणारी इन्व्हेस्टमेंट बँकर, आणि तिला पडलेले प्रश्न असे की एखाद्या पुरुषाने मुलींना काय काय पडत असेल याची यादी करावी. मग खुनांच्या गोष्टी आल्या, टाइमपास म्हणून चालून गेल्या. आणि २०२४ मध्ये आलं ‘इलेव्हन रूल्स फॉर लाइफ’. यात कादंबरी नाही, उपदेश आहे. उपदेश कुणाला? घरी जेवण आणून देणाऱ्या डिलिव्हरी बॉयला. ते वाचताना मला कसंतरीच झालं. गोपाल आणि माधवचाच हा धाकटा भाऊ. एकेकाळी भगत त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याची गोष्ट ऐकायचा. आता तो पार्सल घेऊन दारात उभा आहे आणि लेखक त्याला आयुष्याचे अकरा नियम सांगतोय.

म्हणून ‘ट्वेल्व्ह इयर्स’कडून मला खूप आशा होती. पुन्हा लव्ह स्टोरी, म्हणजे पुन्हा आपला भगत! निघालं काय, तर मुंबई. तो ३३ वर्षांचा, घटस्फोटित, पंजाबी, स्टँड-अप कॉमेडी करणारा. ती २१ ची, जैन, प्रायव्हेट इक्विटीत. पुस्तक जाहीर झालं तेव्हा सगळे वयातल्या अंतरावर जोक मारत होते. मला त्याचं काहीच नाही वाटलं, आमच्या आज्यांच्या लग्नात बारा वर्षांचं अंतर कुणी मोजतही नव्हतं. पानं अजूनही भराभर उलटतात, संवाद अजूनही चुरचुरीत आहेत, ती कला त्याची गेलेली नाही. पण मी सबंध पुस्तकभर कुणाला तरी शोधत होते. इंटरव्ह्यूच्या आधी वाक्य मनात तीनदा घोकणारं कुणीतरी. मेनू कार्डवरचा पदार्थ बोट ठेवून मागवणारं. बापाच्या जमिनीचा सातबारा ज्याच्या प्रेमाच्या मधे येतो असं. जातीचा, घरच्यांचा प्रश्न या पुस्तकातही आहे, नाही असं नाही. पण तो मोठ्या फ्लॅटमध्ये, एसीत बसून सुटतोय किंवा सुटत नाहीये. मग वाचून मी काय करू?

मैत्रीण म्हणाली, ‘अगं, तो पन्नाशीचा झाला, मुंबईत राहतो, जे दिसतं तेच लिहिणार ना?’ पॉइंट बरोबर आहे. पण वाराणसीत तरी तो कुठे राहत होता? दिल्लीत वाढलेला, आयआयटी, आयआयएम, मग हाँगकाँगला बँकेत. तरीही त्याला कोट्यातला गोपाल दिसला होता. मुद्दाम बघितलं की दिसतं.

ती म्हणते, भगत सोड, चांगलं इंग्रजी वाच. वाचते की! झुंपा लाहिरी वाचली, अरविंद अडिगा वाचला. अडिगाच्या ‘द व्हाइट टायगर’मधला ड्रायव्हर गरीब गावातून येतो आणि मालकाचा गळा चिरतो, बुकर मिळतं. जबरदस्त पुस्तक. पण ते सतराव्या वर्षी, डिक्शनरी मांडीवर घेऊन, पुसदला वाचून संपलं असतं? मला शंका आहे. भगतची जागा रिकामी झाली तर तिथे येऊन बसायला कुणी रांगेत उभं आहे असं मला तरी दिसत नाही.

दिवाळीत चुलतभाऊ घरी आला होता. बारावीला आहे, नांदेडला नीटचा क्लास, हातात कायम फोन. मी पुस्तक संपवून टेबलावर टाकलेलं त्याने उचललं, मागचं कव्हर वाचलं, मधली दोन पानं वाचली आणि परत ठेवलं.

‘काय रे, नाही आवडलं?’

‘हे तं मुंबईवाल्याईचं आहे व ताई. यात आपल्या इकडचं कोनीच नाही.’

मग मी माळ्यावरून जुनी पिशवी काढली आणि त्याला सीताबर्डीची ‘रिव्होल्यूशन २०२०’ दिली. नेईल आणि विसरेल असं वाटलं होतं. मागच्या आठवड्यात रात्री साडेबाराला मेसेज आला, ‘ताई, गोपाल कोट्याला गेल्यावर मधली सोळा पानंच नाहीत यात. काय झालं मंग?’

पायरेटेड कॉपी, दुसरं काय! मी फोन उशाशी टेकवून बसले आणि आठवेल तसं टाइप करायला लागले. इंग्रजीतून टाकू का विचारलं, तर म्हणाला, टाक.