गाडी कोणाच्या नावावर?

पैसे मोजले, किल्ली घेतली की जुन्या गाडीचा व्यवहार पुरा झाला असे बहुतेक ठिकाणी धरले जाते. कायदा तसे धरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे, कर्जाच्या किंवा भाडेकराराच्या गाडीचा अपवाद सोडला, तर मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. ती चालवतो कोण, पेट्रोल कोण भरतो, पार्किंगमध्ये कोणाच्या जागेत उभी असते, याचा मालकीशी संबंध नाही. आरसीवरचे नाव बदलेपर्यंत विकणारा मालकच राहतो आणि घेणारा दुसऱ्याची गाडी वापरणारा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात हे अगदी स्पष्ट केले. त्या प्रकरणातली मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचे नाव होते आणि गाडीचा विमा नव्हता. अपघातात एकाचा जीव गेला, एक व्यक्ती जखमी झाली. भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न होता. न्यायालयाने ती जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. गाडी कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग काढत बसण्याची वेळ अपघातग्रस्तावर येऊ नये, हे त्यामागचे कारण. निकाल न्याय्यच आहे. पण वर्षानुवर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागणाऱ्या माणसाची अवस्था डोळ्यांपुढे आणली, तर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकण्याची आपल्याकडची सवय किती धोक्याची आहे ते कळते.

ही सवय सर्वांत जास्त दिसते ती दुचाकींच्या व्यवहारात. गाडीची किंमत वीस-पंचवीस हजार, ओळखीचा एजंट, आणि ‘नावावर नंतर करू’ असा शब्द. घेणारा वर्षभराने ती तिसऱ्याला देतो, तोही त्याच सह्या केलेल्या कागदांवर. ई-चलन मूळ मालकाच्या मोबाइलवर येत राहते. गाडी एखाद्या गुन्ह्यात वापरली गेली, तर पोलीस आधी त्याच्याच दारात येतात.

कलम ५० मध्ये मुदती दिलेल्या आहेत. गाडी राज्यातच विकली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे, तेही फॉर्म २९ भरून. घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० सह अर्ज करायचा. राज्याबाहेर विकलेल्या गाडीसाठी विकणाऱ्याला ४५ दिवसांची मुदत आहे. केंद्रीय नियमांप्रमाणे नाव बदलण्याची मूळ फी दुचाकीला १५० आणि खासगी मोटारीला ३०० रुपये. स्मार्टकार्ड व इतर आकार वेगळे. सरकारी खर्च एवढाच आहे. लोक टाळतात ते हेलपाट्यांच्या भीतीने. आता अर्जाचा बराचसा भाग ‘परिवहन’ पोर्टलवर भरता येतो, त्यामुळे ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

नाव बदलण्यात सर्वांत मोठी अडचण कर्जाच्या नोंदीची येते. हप्ते फिटले, बँकेने एनओसी दिली, म्हणजे काम झाले असे अनेकांना वाटते. आरसीवर बँकेचे नाव तसेच असते आणि ते निघाल्याशिवाय ट्रान्सफर होत नाही. त्यासाठी बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओकडे द्यावा लागतो. बँकेच्या एनओसीला बहुतेकदा मुदत असते. ती कपाटात जपून ठेवली आणि तीन वर्षांनी गाडी विकायला काढली, तर नव्या एनओसीसाठी पुन्हा बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागतात. विसार देण्याआधी कर्जाची नोंद उतरवून घेणे हे विकणाऱ्याचे काम आहे. ‘अर्धे पैसे द्या, म्हणजे कर्ज फेडतो’ असा प्रस्ताव आला, तर पैसे मालकाच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरावेत.

परराज्यातले पासिंग असलेली गाडी घेताना हिशेब वेगळा मांडावा लागतो. सिंधुदुर्ग, कोल्हापूर भागांत गोवा पासिंगच्या गाड्या स्वस्त पडतात म्हणून विचारल्या जातात. अशा गाडीला मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्या राज्याचा रस्ता कर भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो पहिल्या मालकाकडून कागद मिळवून मागावा लागतो आणि वेळ खातो. हा सगळा खर्च किमतीत मिळवल्यावर गाडी खरोखर स्वस्त राहते का, हे आधी कागदावर मांडून पाहावे.

विसार देण्याआधी ‘वाहन’ नोंदीत क्रमांक टाकून पाहणे हे पहिले पाऊल. मालक कितवा, कर्जाची नोंद, विम्याची व पीयूसीची मुदत, गाडी काळ्या यादीत आहे का, हे तिथे दिसते. थकलेली चलने वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर कळतात. मग आरसीवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर जाऊन जुळवावा. पुष्कळजण फोटोवर समाधान मानतात. त्यावर राहू नये. क्रमांकाच्या जागी घासल्याची खूण किंवा ताजा रंग दिसला, तर सौदा तिथेच सोडावा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही पाहावे. १५ वर्षांच्या जवळ आलेल्या खासगी गाडीची नोंदणी लवकरच नूतनीकरणाला येणार, तिची तपासणी होणार, महाराष्ट्रात पर्यावरण करही लागणार, हे किंमत ठरवताना धरावे.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन गार असताना जावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पहिल्या सेल्फला उचलते आणि दोष झाकून जातो. गार इंजिन चालू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. काळा धूर जास्त इंधन जात असल्याची खूण. पांढरा धूर काही मिनिटांनीही थांबला नाही तर कूलंट ज्वलनकक्षात शिरत असण्याची शक्यता. चारचाकीत बॉनेट उघडून पुढच्या पत्र्याच्या सांध्यांकडे पाहावे. कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग एकसारखे, ठरावीक अंतरावर असते. गॅरेजमध्ये झालेले वेगळे ओळखू येते. दारांची रबरे थोडी ओढून खालचा रंग बाहेरच्या रंगाशी जुळतो का पाहावा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलावेच लागतात, म्हणून तो खर्च किमतीतून वजा करावा.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे याहून अवघड आहे. मुंबईतला २००५ चा पाऊस, सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा महापूर, चिपळूणचा जुलै २०२१ चा पूर, अशा प्रत्येक प्रसंगानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकायला येतात. आतून नवे सीट कव्हर, अत्तराचा भडक वास, तेवढ्यावरच शंका घ्यावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीट सरकवायच्या पट्ट्यांवरचा गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, हेडलाइटच्या आतली वाफ या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत. अशा गाडीचे इंजिन दुरुस्त होते, वायरिंग मात्र वर्षानुवर्षे त्रास देत राहते. त्यामुळे किंमत कितीही उतरली तरी ती घेऊ नये.

मोटारसायकलचा मुख्य दोष हँडलमध्ये सापडतो. गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक उचलावे आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मधोमध अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला आहे. पुढच्या शॉकअबवर तेलाचा ओघळ असेल तर सील फुटले आहे. हे खर्च किरकोळ आहेत. चासीला बाक असेल तर मात्र दुरुस्ती नाही. सरळ रिकाम्या रस्त्यावर कोणाला तरी गाडी चालवायला सांगून मागून पाहिले, म्हणजे दोन्ही चाके एका रेषेत धावतात की नाही ते दिसते.

आता विमा. सर्वांत मोठा गैरसमज याच ठिकाणी आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. म्हणून तीन वर्षांची दुचाकी विकायला आली की पॉलिसी ‘चालू’ दिसते, आणि घेणारा निर्धास्त होतो. प्रत्यक्षात गाडी चोरीला गेली किंवा मोडली तर एक रुपयाही मिळणार नसतो. पॉलिसीचे पान उघडून दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या वाचाव्या लागतात.

कलम १५७ प्रमाणे गाडीची मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते. गाडीच्या नुकसानीच्या विम्याला हे लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५-९६ च्या सुमारासच ठरवले आहे. तो कंपनीशी केलेला करार आहे. कंपनीने नव्या मालकाचे नाव लावल्याशिवाय त्याचे कंपनीशी नाते नाही. जुन्या मालकाची पॉलिसी आहे पण गाडीत हितसंबंध उरलेला नाही, नव्याचा हितसंबंध आहे पण पॉलिसी नाही, म्हणून दोघांचाही दावा फेटाळला जाऊ शकतो. यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला लेखी कळवायचे असते.

नो क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. पहिल्या दावारहित वर्षाला २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सवलत. गाडी विकणाऱ्याने कंपनीकडून बोनसचे पत्र घेऊन ठेवले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला तो वापरता येतो. घेणाऱ्याला उरलेल्या मुदतीपुरता बोनसचा फरक भरावा लागतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर बोनस जातो.

याहून महत्त्वाचा आणि फारसा न बोलला जाणारा भाग म्हणजे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. थर्ड पार्टी विमा नावाप्रमाणे तिसऱ्यासाठी असतो. रात्री खड्ड्यात घसरून पडलेला गाडीवाला स्वतः त्यात येत नाही. त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वेगळे संरक्षण असते, पण ते नोंदणीकृत मालकाला आणि वैध परवाना असलेल्याला. गाडी नावावर केली नाही, तर चालवणारा मेल्यावर त्याच्या घरच्यांना या विम्यातून काही मिळत नाही. घरातला एकटा कमावता माणूस जुनी मोटारसायकल घेतो तेव्हा त्या घराचे किती काय पणाला लागलेले असते, हे एजंट सांगत नाही. म्हणून घरच्यांनीच विचारायला हवे. आणि थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकते.

गाडी डीलरला विकणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून चांगली सोय झाली आहे. आरटीओची मान्यता असलेल्या डीलरकडे गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला, की तिच्या जबाबदारीपुरता डीलरच मालक मानला जातो. त्याने ती फक्त चाचणी, दुरुस्ती आणि प्रदर्शनासाठी चालवायची, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. डीलरला मान्यता नसेल तर ही ढाल मिळत नाही, म्हणून आधी मान्यतापत्र पाहावे.

मालक वारला असेल तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे. तसे कळवले तर तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते, आणि त्या मुदतीत फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करायची असते. वडिलांची गाडी मुलगा वर्षानुवर्षे तशीच चालवतो आणि विकायची वेळ आली की वारस दाखला, सर्व वारसांची संमती अशी धावपळ सुरू होते. विम्याचेही तसेच: कंपनीला कळवून पॉलिसी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला व मूळ पॉलिसी लागते.