अकलोलीचे गरम पाणी

भिवंडी तालुक्यातील अकलोली येथे तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणजे हे पाणी, अशी लोककथा आहे. भूगर्भशास्त्र सांगते, की पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, तेथे तापते व वर येते.

"मग कथा खोटीच ना, सर?" असे मुले विचारतात. पाणी का तापते, हे विज्ञानालाच विचारावे. पण ते वाफाळणारे पाणी पाहून माणसांच्या मनात काय आले, हे कथेतूनच कळते.

दहावीनंतर मात्र आपण 'सायन्सवाला हुशार, आर्ट्सवाला कच्चा' अशी भिंत उभी करतो. मला ती मुळीच मान्य नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली, तीही टोपणनावाने. तिला पहिले बक्षीस मिळाले! पुढे २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

आपली सहल अकलोलीला गेली, तर मी सर्वांना दोन्ही कामे देणार आहे. पाण्याचे तापमान मोजून लिहा, आणि गावातील एखाद्या आजींकडून कुंडाची गोष्टही ऐकून लिहा.