आलेख : पुरावा की प्रतिपादन?

साहित्यसंशोधनाच्या क्षेत्रात अलीकडे एक नवे प्रमाण रूढ होऊ पाहत आहे. प्रबंधांतून, चर्चासत्रांतील निबंधांतून आणि महाजालावरील अभ्यासप्रकल्पांतून एखाद्या कादंबरीकाराचे 'शब्दमेघ' दाखवले जातात, पन्नास वर्षांच्या कवितेतील एखाद्या शब्दाचे चढउतार रेषेने रेखाटले जातात, नियतकालिकांचे जिल्हावार नकाशे रंगवले जातात. आणि या आकृत्यांखाली 'आलेखावरून असे सिद्ध होते की' हे वाक्य येते. समीक्षा आजवर व्यक्तिनिष्ठ होती, आता तिला वस्तुनिष्ठ पाया लाभला, असा या मंडळींचा दावा आहे. दुसरीकडे, साहित्याचा आकड्यांशी संबंधच काय, असे म्हणून हा सगळा व्यवहार संगणकतज्ज्ञांकडे सोपवून मोकळा होणारा एक वर्ग आपल्या मराठी विभागांतून आहे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे. आलेख स्वतः काही म्हणत नाही, तो केवळ दाखवतो, असे दोघेही मानतात. या गृहीतकाचीच चिकित्सा येथे करावयाची आहे. आलेख हे प्रतिपादन असते. त्याला कर्ता असतो आणि त्याचे स्वतःचे वक्तृत्व असते. म्हणून कोणत्याही संहितेप्रमाणे तो वाचला गेला पाहिजे आणि त्याच्या कर्त्याने त्याचे उत्तरदायित्व स्वीकारले पाहिजे, ही प्रस्तुत लेखकाची भूमिका आहे.

आलेखाचा इतिहास पाहिला तर ही भूमिका नवी नाही, हे ध्यानात येते. विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे रेषालेख प्रसिद्ध केले आणि १८०१ मध्ये वृत्तालेख उपयोगात आणला. राष्ट्राच्या व्यापारस्थितीविषयी वाचकाचे मत घडवणे हा त्यामागील हेतू होता. क्रिमियाच्या युद्धातील सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये आकृत्यांच्या द्वारे मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर सरकार होते आणि त्यांना सुधारणा घडवून आणावयाच्या होत्या. म्हणजे आलेख जन्मापासूनच वादाच्या आखाड्यात उतरलेला आहे. पुढे १९६७ मध्ये झाक बर्तँ या फ्रेंच नकाशाशास्त्रज्ञाने आलेखाची चिन्हमीमांसाच सिद्ध केली. स्थान, आकारमान, छटा, पोत, रंग, दिशा आणि आकृती हे दृश्य घटक कोणत्या प्रकारचा अर्थ वाहू शकतात आणि कोणता वाहू शकत नाहीत, याचा त्याने पद्धतशीर विचार केला. चिन्हमीमांसेची परिभाषा आपण अभ्यासक्रमांतून अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत. तथापि कथा-कवितेच्या पलीकडची ही संहिता आपल्या दृष्टिपथात आली नाही. आता ती आपल्याच दालनात येऊन बसली आहे आणि तिला वाचावे कसे हे आपल्याला ठाऊक नाही.

हे वाचन कोठून सुरू करावे? क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले की, समान मापपट्टीवरील स्थान माणसाची दृष्टी सर्वांत अचूक ताडते. लांबी, कोन, क्षेत्रफळ, रंगछटा या क्रमाने ही अचूकता सामान्यतः उतरत जाते. स्तंभालेखात स्तंभाची लांबी हेच विधान असल्यामुळे त्याची उभी मापपट्टी शून्यापासून सुरू झाली पाहिजे. ती शून्याऐवजी नव्वदपासून सुरू केली की पंचाण्णव आणि शंभर यांतील किरकोळ फरक दुपटीचा भासतो. रेषालेखाला हे बंधन नाही, कारण तेथे विधान लांबीचे नसून दिशेचे असते. शब्दमेघाची कसोटी या निकषावर घ्यावी. त्यात संख्या अक्षरांच्या आकारमानाने व्यक्त होते, म्हणून लांबलचक शब्द आखूड शब्दाहून मोठा दिसतो. रंग आणि स्थान यांना बहुधा कोणताच अर्थ नसतो, पण वाचक तो शोधत राहतो. ज्या आकृतीत तीनपैकी दोन चिन्हे निरर्थक आणि तिसरे फसवे, ती आकृती आपल्या संशोधनात लोकप्रिय व्हावी, हे आपल्या आलेख-निरक्षरतेचेच लक्षण नव्हे काय?

नकाशांची गोष्ट याहून निराळी नाही. जिल्ह्यांना रंग देऊन एखादी वाङ्मयीन घटना दाखवली की डोळ्यात भरते ते क्षेत्रफळ. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १०.७ लाख आणि मुंबई शहर जिल्ह्याची सुमारे ३०.८ लाख, परंतु नकाशावर गडचिरोली विस्तीर्ण पसरलेला असतो आणि मुंबई शहर टाचणीच्या टोकाएवढे उरते. अशा नकाशावरून 'वाङ्मयीन केंद्रे' आणि 'परिघ' यांविषयी निष्कर्ष काढणारा अभ्यासक वस्तुतः जमिनीचे मोजमाप वाचत असतो.

येथपर्यंतचे दोष कोणत्याही भाषेतील आलेखाला लागू आहेत. मराठीच्या बाबतीत प्रश्न अधिक खोल आहे, कारण आलेख काढण्यापूर्वी शब्द मोजावे लागतात आणि शब्द म्हणजे काय हे साधनाने आधीच ठरवून टाकलेले असते. पायथन या संगणकीय भाषेतील शब्द ओळखण्याचा प्रचलित संकेत अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचे घटक मानतो. युनिकोडच्या वर्गीकरणात देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्तचिन्ह यांची गणना अक्षरांत होत नाही, जोडचिन्हांत होते. परिणामी जेथे काना-मात्रा तेथे शब्द तुटतो. सायकिट-लर्न या बहुप्रचलित संचातील शब्दगणनेचा पूर्वनिर्धारित नियम तर एकवर्णी तुकडे टाकूनही देतो. या नियमाने 'कविता' या शब्दाचा 'कव' उरतो, 'मराठी' या शब्दाचा 'मर' उरतो आणि 'साहित्य' हा शब्द समूळ नाहीसा होतो. नियम बदलता येतो, त्यासाठी दुसरी साधनेही उपलब्ध आहेत. पण नियम आहे हेच ज्याला ठाऊक नाही तो बदलणार काय? असल्या तुकड्यांवर उभारलेला आलेख पडद्यावर मात्र इंग्रजी आलेखाइतकाच नेटका आणि आत्मविश्वासपूर्ण दिसतो.

समजा, शब्द अखंड राहिले. तरी 'घर', 'घरात', 'घराचा', 'घरी', 'घरांना' ही साधनाच्या लेखी पाच वेगळी पदे असतात. इंग्रजीतील शब्दाची वारंवारता बहुतांशी एका ठिकाणी साठते, मराठीतील सामान्यरूपे आणि प्रत्यय यांच्यात ती विखुरते. असे असता दोन भाषांच्या आलेखांची तुलना करून 'मराठी कादंबरीत घराची जाणीव क्षीण आहे' असे कोणी म्हटले, तर तो निष्कर्ष जाणिवेविषयी नसून विभक्तिप्रत्ययांविषयी असतो. कालानुक्रमी आलेखात यापुढचे संकट येते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले. 'कांहीं' आणि 'नाहीं' यांची रेषा त्यानंतर कोसळलेली आणि 'काही', 'नाही' यांची उसळलेली दिसेल. लेखननियमांचा इतिहास ठाऊक नसलेला अभ्यासक या रेषेत साठोत्तरी संवेदनशीलतेचा उदय पाहणार नाही, याची हमी कोण देईल?

त्याहून गंभीर बाब त्याज्य शब्दांच्या यादीची आहे. मोजणीपूर्वी 'मी', 'आम्ही', 'तू', 'नाही', 'पण' असे शब्द अर्थशून्य समजून गाळण्याची प्रथा आहे. दलित आत्मकथनांत 'मी' आणि 'आम्ही' यांच्यातील ताण हाच ज्या वाङ्मयाचा गाभा, त्यातून ही सर्वनामे पुसून टाकल्यावर उरलेल्या नामांचा मेघ कशाचे दर्शन घडवणार? नकारावर उभ्या असलेल्या कवितेतून 'नाही' वगळणे ही तांत्रिक पूर्वतयारी नाही. ती समीक्षा आहे. वाईट समीक्षा आहे. आणि ती कोणी केली हे आकृतीखाली लिहिलेले नसते.

या संदर्भात योहाना ड्रकर यांनी २०११ मध्ये केलेला भेद उद्बोधक आहे. ज्याला आपण विदा किंवा प्रदत्त म्हणतो ते 'दिलेले' नसते, अभ्यासकाने 'घेतलेले' असते, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. संस्कृतच्या आधाराने बोलायचे तर ते 'दत्त' नसून 'आत्त' असते. आलेखवादी अभ्यासकांची मूळ चूक येथेच आहे. जे आपण निवडून, कापून, गाळून घेतले, ते निसर्गाने दिले असे ते भासवतात.

प्रतिपक्षाची सबळ बाजू मात्र नाकारता येणार नाही. फ्रँको मोरेत्ती यांनी २००० मध्ये 'दूरस्थ वाचना'ची कल्पना मांडली आणि २००५ च्या आपल्या ग्रंथात आलेख, नकाशे व वृक्ष यांच्या साह्याने साहित्येतिहास लिहून दाखवला, तेव्हा त्यांचा आक्षेप रास्त होता : मूठभर अभिजात कृतींच्या सूक्ष्म वाचनावर आपण साहित्याचा इतिहास उभा करतो आणि उरलेला अफाट ग्रंथसंभार अंधारात राहतो. मराठीपुरते बोलायचे तर शं. ग. दाते यांची ग्रंथसूची आपल्यापुढे आहे. १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी ग्रंथांची नोंद करणारे हे काम संख्यात्मक साहित्येतिहासाचा उत्तम आधार ठरू शकते. त्या सूचीवरून वर्षवार प्रकाशनांचा रेषालेख अवश्य काढावा. परंतु सूची ग्रंथनामे नोंदवते. किती प्रती खपल्या, किती हातांतून फिरल्या, किती वाचून दाखवल्या गेल्या, याची नोंद तीत नसते. उभ्या अक्षावर 'ग्रंथसंख्या' लिहून लेखात 'अभिरुची' म्हणणे ही शब्दांची अदलाबदल आहे. गूगलच्या एनग्रॅम व्ह्यूअरच्या बाबतीत नेमके हेच घडले. २०१० च्या डिसेंबरात पन्नास लाखांवर ग्रंथांच्या आधारे ते साधन पुढे आले आणि संस्कृतीची संख्यात्मक मीमांसा आता शक्य झाली, असे सांगितले गेले. २०१५ मध्ये पेचेनिक, डॅनफर्थ आणि डॉड्स यांनी दाखवले की, त्या संग्रहात एक ग्रंथ एकदाच मोजला जातो, मग तो लाखोंनी वाचलेला असो वा कोणीच न वाचलेला. शिवाय विसाव्या शतकात त्यात वैज्ञानिक वाङ्मयाचे प्रमाण वाढत गेलेले आहे. त्या साधनात मराठीचा समावेश नाही, ही उणीव म्हणून सांगितली जाते. आपला संग्रह नीट सिद्ध होईपर्यंत ती सवड आहे असेही म्हणता येईल.

मग चांगला आलेख कोणता? कागदापेक्षा महाजालावर तो अधिक शक्य आहे, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. छापील आलेख वाचकाला दारातच थांबवतो; महाजालावरील आलेख त्याला आत नेऊ शकतो. व्हॉयंट टूल्समध्ये रेषेवरील बिंदूपासून तो शब्द ज्या वाक्यांत आला त्या वाक्यांपर्यंत जाता येते. २०११ मध्ये आलेल्या डी-थ्रीसारख्या साधनाने अभ्यासकाला आकृतीचा प्रत्येक घटक मूळ नोंदीशी बांधता येतो. वेगा-लाइटमध्ये आलेख हा अक्ष, चिन्ह आणि रंग यांच्या लिखित विधानांतून सिद्ध होतो, म्हणजे त्याचे व्याकरण वाचता आणि तपासता येते. एसव्हीजी या स्वरूपातील आकृतीत देवनागरी अक्षरे अक्षरेच राहतात. ती शोधता येतात, मोठी करता येतात आणि योग्य पद्धतीने लिहिली असतील तर दृष्टिहीन वाचकाला ऐकताही येतात. तांबडा आणि हिरवा यांतील भेद ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी अर्थ केवळ रंगावर न सोपवणे, मोबाइलच्या लहान पडद्यावरही नावे वाचता येतील अशी आडव्या स्तंभांची मांडणी करणे, वर्णानुक्रम लावताना 'ळ' हा युनिकोडच्या क्रमाने 'ल'नंतर न ठेवता मराठी वर्णमालेप्रमाणे 'ह'नंतर ठेवणे, ही सजावट नव्हे. हा वाचकाविषयीचा आदर आहे. इतके सगळे हाताशी असताना शब्दमेघाचे स्थिर चित्र चिकटवून थांबणारा अभ्यासक साधनाच्या मर्यादेआड लपू शकत नाही.

यास्तव विद्यापीठीय संशोधनाकडून किमान चार गोष्टींची अपेक्षा करणे योग्य ठरेल. एक, संग्रहात काय आहे यासोबत काय नाही हे आलेखाशेजारीच सांगितले जावे. दोन, शब्द कसा तोडला, रूपे कशी एकत्र केली, काय गाळले, हे नियम याद्यांसह प्रकट असावेत. तीन, आलेखातील प्रत्येक बिंदूपासून मूळ वाक्यापर्यंत वाट असावी. जेथे स्वामित्वहक्कामुळे पूर्ण संहिता देता येत नाही तेथे निदान ग्रंथ आणि पृष्ठ यांचा निर्देश असावा. चार, त्याच सामग्रीचा दुसरा संभाव्य आलेख दाखवून पहिलाच का स्वीकारला याचे समर्थन करावे. यावर असा आक्षेप येईल की, इतके सांगितल्यावर आलेखाची परिणामकारकता उरणार नाही. ज्या प्रतिपादनाची परिणामकारकता त्याची कारणे झाकून ठेवण्यावर अवलंबून आहे, ते प्रतिपादन निष्प्रभ होणेच इष्ट.

आणि जे आलेखाकडे पाठ फिरवून बसले आहेत त्यांनाही एक विचारले पाहिजे. निवेदकाचा विश्वासार्हपणा, वगळलेल्या गोष्टींचे अर्थ, रूपाने आशयाला दिलेले वळण, यांचा शोध घेण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी आलेखाची चिकित्सा करावयाची नाही, तर ती कोणी करावयाची? संगणकतज्ज्ञाला 'आम्ही' या सर्वनामाचे मोल कळावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. ते काम आपले आहे. आपण ते टाळले, तर पुढील पिढीचा विद्यार्थी मराठी वाङ्मयाचा इतिहास अशा आकृत्यांवरून शिकेल, ज्यांच्या तळाशी 'मराठी' हा शब्दच पूर्ण उरलेला नसेल.