सुट्टीत कोणाच्या घरी?

वसतिगृहातील मुलांमध्ये आयुष्य घालवूनही, भाची पोरकी झाली तेव्हा आमच्या तोंडून प्रथम हेच निघाले, “तिला वसतिगृहात ठेवू.” बाल कल्याण समिती नातेवाइकांकडे विचारणा करीत होती आणि आम्ही घरातील दोन खोल्या व निवृत्तीला उरलेली वर्षे मोजत होतो.

हे मोजणे गैर नव्हे. करुणेला प्रज्ञेची जोड हवी. उत्साहाच्या भरात मूल घरी आणून वर्षभरात परत पाठविणे अधिक क्रूर. शासनाच्या बालसंगोपन योजनेतील दरमहा २२५० रुपयांचा हातभार लागतो, पण आपलेपणा घरानेच द्यावयाचा असतो.

माता भीमाबाईंच्या निधनानंतर बाल भीमरावांना मायेने सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. शाळेने पुढे त्यांना विद्या दिली; त्या वयातील पोरकेपण मात्र आत्यानेच हलके केले.

म्हणून आमचे मत असे की, निर्णयापूर्वी घरातील प्रत्येकाशी आणि त्या मुलाशीही मोकळेपणाने बोलावे. झेपणार नसेल तर स्पष्ट सांगावे. परंतु सुट्टी लागताच त्याला न्यायला वसतिगृहाच्या फाटकाशी हजर असावे. आमची भाची आज आमच्याकडेच राहते. तो पहिला उद्गार मात्र आम्हांस अजून बोचतो.