निरीक्षण की नुसतेच मत?

‘न्यायालयाने असे निरीक्षण नोंदवले’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांतून इतक्या वेळा वाचावे लागते, की त्यात काही खटकण्यासारखे आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. न्यायमूर्तींनी पाहिले काय? बहुधा काहीच नाही. ते बोलले, एवढेच. इंग्रजी बातमीत ‘ऑब्झर्व्ह्‌ड’ होते, त्याचा डोक्यात पक्का बसलेला अर्थ ‘निरीक्षण केले’ असा होता, आणि उपसंपादकाला रात्रीचे पान सोडायचे होते.

इंग्रजीतले हे क्रियापद तीन कामे करते. नियम, व्रत किंवा मौन पाळणे हे त्याचे इंग्रजीतले जुने काम. पुढे बारकाईने पाहणे हा अर्थ आला, आणि साधारण १६००च्या सुमारास, पाहिलेले बोलून दाखवणे हाही. त्या भाषेचा जाणता वाचक यात गोंधळत नाही, कारण वाक्याची रचनाच त्याला वाट दाखवते. कर्म एखादा पक्षी किंवा ग्रह असेल तर पाहणे. अवतरणचिन्हांतले बोल असतील तर म्हणणे. नामांतही पाळण्यासाठी ‘ऑब्झर्व्हन्स’ वेगळा आहे. पाहणे आणि म्हणणे मात्र ‘ऑब्झर्व्हेशन’मध्ये एकत्र नांदतात. आपण उचलले नेमके हे जोडनाम, आणि त्याची एकच बाजू मराठीत आणली.

वास्तविक मराठीने हा भेद फार नेटका राखला आहे. इंग्रजी ‘रिमार्क’चा अर्थ आज प्रामुख्याने बोलण्याचा असला, तरी ‘रिमार्केबल’मध्ये लक्ष वेधून घेण्याचा जुना अर्थ शिल्लक आहे. आपल्याकडे मात्र दोन स्वतंत्र विशेषणे आहेत : लक्ष जावे ते लक्षणीय, सांगावे ते उल्लेखनीय. बोलण्याच्या बाजूला तर शब्दांची रेलचेलच आहे. कागदावर शेरा, विचारल्यावर अभिप्राय, ग्रंथावर भाष्य, जाता जाता टिप्पणी आणि न्यायासनावरून ताशेरे. इतके असताना ‘निरीक्षण’ हवे कशाला?

हवे असते, कारण त्यात वजन आहे. ‘मत’ म्हटले की समोरचा कारण विचारतो. ‘निरीक्षण’ म्हटले की तो गप्प बसतो. पाहणाऱ्याने पाहिले आहे, आपण काय बोलणार! आमचा आक्षेप आहे तो येथे.

२६ एप्रिल २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयात सुनावणीच्या ओघात निवडणूक आयोगाला फार कठोर शब्दांत फटकारले गेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे खापर आयोगावर फोडले गेले आणि खुनाच्या गुन्ह्याचाही उल्लेख झाला. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०२१च्या निकालात त्या न्यायालयाने ते शब्द कठोर ठरवले; पण ते आदेशाचा भागच नसल्यामुळे वगळण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असे सांगितले. अशा तोंडी उद्गारांच्या वार्तांकनावर बंदी घालायलाही नकार दिला. म्हणजे ते छापायला मोकळीक आहेच. पण मग ते उद्गार किंवा ताशेरे म्हणून छापा. ‘निरीक्षण नोंदवले’ म्हटले, तर जे नोंदीत नाही ते नोंदले गेल्याचे आणि जे तपासलेले नाही ते तपासल्याचे आपण एका दमात सांगतो.

न्यायालयांचे सोडा, आपले वर्ग पाहू. एम. ए.च्या लघुप्रबंधांत ‘असे निरीक्षण नोंदवता येते’ हे पालुपद प्रकरणागणिक भेटते. (आमच्या स्वतःच्या चर्चासत्रीय निबंधांतही भेटेल; जुने अंक चाळायचे धाडस आम्ही अजून केलेले नाही.) समीक्षकाचे अनुमान, प्राध्यापकाची आवडनिवड, कुठेतरी वाचलेले विधान, सगळे एकाच डबीत. कर्मणी प्रयोगामुळे पाहणारा कोण हेही कळत नाही.

यावर आमचे एक सहकारी म्हणतात, शब्दांचे अर्थ बदलतातच. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, आणि आज ‘टीका’ म्हणजे दोष काढणे. भाषेचे काय बिघडले? मुद्दा बिनतोड वाटतो, पण ‘टीका’ सरकली तेव्हा तिची जागा सांभाळायला ‘भाष्य’ होते. ‘निरीक्षण’ बोलण्याकडे सरकले, तर प्रत्यक्ष पाहण्यासाठी काय उरेल? वेधशाळेतल्या माणसाने आणि लोकगीतांच्या शोधात गावोगाव हिंडणाऱ्या संशोधिकेने आपल्या कामाला काय म्हणायचे? आम्ही भाषाशुद्धीवाले नव्हेत. कुणी खुशाल ‘ऑब्झर्व्हेशन’ म्हणावे. फक्त आधी पाहिलेले असावे.

यंदा एका विद्यार्थिनीच्या मसुद्यात वाक्य होते : ‘या कादंबरीतील स्त्रिया दुय्यम आहेत, असे निरीक्षण नोंदवता येते.’ आम्ही विचारले, कोणत्या पानांवर? ती म्हणाली, सर, हे संदर्भग्रंथात आहे. मग वाक्य तसेच ठेवून पाने शोधून आणायचे ठरले. तीन आठवड्यांनी ती आली ती थोडी वैतागूनच. कादंबरीतली मोठी जाऊ घराचे सगळे हिशेब ठेवते, जमिनीचा व्यवहार तिच्याच शब्दावर अडतो, आणि संदर्भग्रंथात तिचे नावसुद्धा नाही. ‘आता प्रकरण पुन्हा लिहावे लागणार,’ ती म्हणाली.